हौसा लडकू, मयत

काशी : काय म्हणालास तू आत्ता?

केसरीनाथ : चहा घे म्हणालो. गार होतोय.

काशी : तसं न्हाय. 'चहा घे, काशी' म्हणालास. अडुसष्ट वर्षांची झाले मी, दादा. या घरात मला कुणी काशी म्हटलेलं आठवत न्हाय. काशी मी पडघ्याला, सासरी. इथं कोनला, माहेरी, मी हौसाच.

केसरीनाथ : त्यात काय एवढं? मांडवात नवऱ्यानं ताटातल्या तांदळावर नाव लिहिलं, तेच बाईचं खरं नाव. बावन्न वर्षं झाली त्याला.

काशी : बावन्न वर्षांत तुला ते आठवलं न्हाय, आन् आज बरं आठवलं. असू दे. करिष्मा, चहा छान झालाय पोरी. साखर बेताची टाकलीस.

करिष्मा : तुमचं ऑपरेशन आहे ना आत्या, मंगळवारी? हे म्हणत होते. आणि अशा एकट्या कशा आलात पडघ्याहून?

काशी : एसटीनं भिवंडी, तिथनं कल्याण रोडची रिक्षा. पोटातली गाठ काय माझे पाय धरून ठेवती? डॉक्टर म्हणाला, 'काढू, मंग बघू.' त्या 'बघू'चा अर्थ मला कळतो. म्हणून तर आज आले. दादा, माझं एक काम हाय तुझ्याकडं. एक सही पाहिजे.

केसरीनाथ : कसली?

काशी : मला मृत्युपत्र करायचंय.

केसरीनाथ : आता हे काय नवीन खूळ घेतलंस? आपल्यात कुठल्या बाईनं मृत्युपत्र केलंय? आन् तुझ्या नावावर हाय तरी काय? भावोजींनी जाताना घर, शेती, सगळं पोरांच्या नावावर केलं. मी स्वतः बसलो व्हतो तवा.

काशी : तू बसला व्हतास. माझी माधवी पण बसली व्हती, भिंतीला टेकून. तिचं नाव कुणाच्या तोंडातनं आलं न्हाय. ना तिच्या बापाच्या, ना तुझ्या, ना माझ्या. माझी मला लाज वाटते त्याची. एक्केचाळीस वर्षांची झाली आता पोर. एक पाय लहानपणीच पोलिओनं गेला, लग्न जमलं न्हाय. साड्यांना फॉल लावते, ब्लाऊज शिवते, कुणाच्या ताटातलं फुकट खात न्हाय. पण मी गेल्यावर ती झोपायची कुठं, सांग.

केसरीनाथ : भाऊ हायत की दोन.

काशी : हायत. चांगले हायत. सुना पण वाईट न्हाईत, मी खोटं कशाला बोलू? पण दादा, मी बघितलंय कसं होतं ते. पहिल्या वर्षी 'ताई' म्हणतात. दुसऱ्या वर्षी 'तुमची बहीण' म्हणतात. तिसऱ्या वर्षी नुसतं 'ती'. मंग 'ती'ची मशीन ओटीवर जाते. मंग पडवीत. माझ्या डोळ्यांदेखत ओटीवर आलीय, पडवीत जायला मी मरायचीच खोटी.

केसरीनाथ : मंग मी काय करू म्हणतेस?

काशी : इथली अकरा गुंठे जमीन मला तिच्या नावानं लिहायचीय. बाबांच्या मागं माझ्या वाट्याला आली, रस्त्याकडची ती. सातबाऱ्यावर नाव हाय माझं, बापाच्या नावासकट, हौसा लडकू. पण माझ्या मतदान कार्डावर, रेशन कार्डावर काशी. शाळेत मी गेले न्हाय, जन्माचा दाखला न्हाय. भिवंडीत तो विपुल बसतो ना, कागद लिहिणारा, तो म्हणाला, 'आजी, ह्या कागदांवर तुम्ही दोन बायका आहात. हौसा म्हणजेच काशी, असं माहेरच्या कुणीतरी प्रतिज्ञेवर सांगायला पाहिजे.' माहेरचं कोण उरलंय आता? आई-बाबा गेले. माझ्या लग्नात धवले गाणारी कमळ पण गेली. तू उरलास.

केसरीनाथ : हे बघ, घाई करू नको. त्या जमिनीचं मॅटर जरा नाजूक हाय. पार्टीशी बोलणं चालू हाय माझ्या प्रितेशचं. इथनं तिथपर्यंत गोडाऊन होणार. मधेच दुसरा कागद आला की पार्टी बिथरते.

काशी : गोडाऊन बांधा की. मी आडवी कुठं येते? माझ्या अकरा गुंठ्यांचं जे भाडं बसेल ते माधवीच्या हातात द्या, बास.

केसरीनाथ : पोरांना विचारलंस तुझ्या?

काशी : त्यांच्या बापानं मला विचारलं व्हतं?

केसरीनाथ : काशी, चार लोकांत मी काय तोंड दाखवू? दहा वर्षं सरपंच व्हतो मी या गावचा. बहिणीनं माहेरात वाटा मागितला म्हणतील. एकदा वाटा मागितला की माहेर ऱ्हात न्हाय बाईला. भावाचं दार बंद झालं की बाई पोरकी होते, ध्यानात ठेव.

काशी : मागितला कुठं? हाय तो हाय. आन् नाव कुणी लावलं सातबाऱ्याला? बाबा गेले एकाहत्तर साली, तवा तलाठ्यानं वारस विचारले. तूच म्हणालास, 'मी आन् माझी बहीण हौसा.' कुणी तुझा हात पिरगाळला न्हवता.

केसरीनाथ : तवा त्या जमिनीला काय किंमत व्हती? गवत कापायचं आन् मुंबईच्या तबेल्यांना धाडायचं.

काशी : हां. गवत व्हतं तवर बहीण व्हती.

केसरीनाथ : उगाच लागेल असं बोलू नको. दुष्काळाच्या साली तुझ्या दारात तांदळाचं पोतं कुणी आणून टाकलं? भावोजी अंथरुणाला खिळले तवा कोण येत व्हतं?

काशी : तू. मी विसरले न्हाय, दादा. विसरणार पण न्हाय. म्हणून तर आधी तुझ्याकडं आले. सही देतोस ना?

केसरीनाथ : वकिलाला विचारतो. पुढच्या महिन्यात बघू.

काशी : पुढचा महिना माझ्याकडं न्हाय. उद्या पाहिजे.

केसरीनाथ : उद्या कशापायी? मंगळवार तर लांब हाय.

काशी : उद्या शुक्रवार. नोटिशीचा पंधरावा दिवस उद्या भरतो.

करिष्मा : कसली नोटीस?

काशी : तुला ठाऊक न्हाय? बरं झालं. तुझ्या सासऱ्याला ठाऊक हाय. पोरी, त्या विपुलनं मला ताजा सातबारा आणायला सांगितला. मी आन् माधवी गेलो तलाठ्याकडं. दोन जिने चढली पोर, कठडा धरून. तलाठी म्हणाला, 'ह्यात बदल व्हायचाय, नोटीस लागलीय, हरकत असेल तर पंधरा दिवसांत सांगा.' माधवीनं भिंतीवरचा कागद वाचला. एकदा वाचला, पुन्हा वाचला. मंग म्हणाली, 'आये, चल घरी.' मी म्हटलं, काय लिहिलंय ते सांग. सांगेना. रडायलाच लागली. जिन्यात बसून सांगितलं मंग.

करिष्मा : काय लिहिलं होतं?

काशी : हौसा लडकू, मयत. सन एकोणीसशे चौऱ्याहत्तर. तापानं. अविवाहित, निपुत्रिक. वारस एकच, सख्खा भाऊ. खाली प्रतिज्ञेवर सही, केसरीनाथ लडकू. पंच म्हणून दोघं, त्यातला एक नवशा. माझ्या वरातीत हाच नवशा ताशापुढं नाचला व्हता, पायातली चप्पल तुटेस्तवर.

करिष्मा : बाबा?

केसरीनाथ : तू आत जा.

करिष्मा : नाही जात. खरं आहे का हे?

केसरीनाथ : प्रितेशनं कागद आणला, मी सही केली. मला काय ठाऊक त्यात काय लिहिलंय? डोळ्याला दिसतं का मला?

काशी : रोज सकाळी पेपर वाचतोस, मयताच्या बातम्यांसकट. दादा, मला राग आला व्हता, तो जिन्यातच गेला. आता फक्त विचारते. मी मेले तवा माझं दहावं कुठं केलंस? खाडीवर का तळ्यावर? पिंडाला कावळा शिवला का माझ्या? आन् तेराव्याला काय केलं व्हतं जेवायला? मला बोलावलं न्हाईस म्हणून विचारते.

केसरीनाथ : हौसा, पुरे.

काशी : पुरे कशानं? अजून एक राहिलंय. साल चौऱ्याहत्तर का घातलंस?

केसरीनाथ : घातलं असंच.

काशी : असंच न्हाय. सगळ्या सालांतनं तेच का?

केसरीनाथ : प्रितेशनं विचारलं, कुठलं साल टाकू आन् कशानं गेली म्हणून लिहू. माझ्या तोंडी आलं ते सांगितलं.

काशी : म्हणजे तूच सांगितलंस. आन् तुझ्या तोंडी का आलं ते मी सांगते. चौऱ्याहत्तर साली या घरात ताप आला व्हता खरा. पण तो ताप तुझा व्हता, दादा. टायफॉइड. वहिनी बाळंतपणाला गेलेली. मी तीन पोरं सासूच्या पुढ्यात टाकून आले, आन् दीड महिना तुझ्या उशाशी बसले. पेज गाळून पाजली. तू बरळायचास, मला आई समजून हाका मारायचास. तो तुझा ताप घेतलास आन् त्यात मला मारलंस.

करिष्मा : बाबा, पाणी देऊ?

केसरीनाथ : नको.

काशी : मी भांडायला आले न्हाय. भांडायला जीव पाहिजे, तो मी मंगळवारसाठी राखून ठेवलाय. सरळ सांगते. मेलेल्या बाईला मृत्युपत्र करता येत न्हाय. मला आधी जिती व्हायला पाहिजे, आन् ते तुझ्या हातात हाय. उद्या दहा वाजता भिवंडीला ये. तो अर्ज मागं घे, हौसा आन् काशी एकच म्हणून लिहून दे. कुंपणानं शेत खाल्लं असं गावात कुणाला कळणार न्हाय, माझ्या तोंडातनं तर न्हायच.

केसरीनाथ : आन् न्हाय आलो तर?

काशी : विपुल म्हणाला, खोटी प्रतिज्ञा म्हणजे गुन्हा. पोलिसात जा म्हणाला. आज भाऊ म्हणून तुझ्या दारात आले. उद्या न्हाय आलास तर चौकीच्या दारात जाईन. मला बरं वाटणार न्हाय, रडत जाईन, पण जाईन.

केसरीनाथ : प्रितेशला काय सांगू मी? पार्टीला शब्द दिलाय त्यानं.

करिष्मा : त्यांना मी सांगते. बाबा, मागच्या वर्षी दापोड्याला माझ्या वडलांच्या तेराव्याला भावांनी हक्कसोडीच्या कागदावर माझी सही घेतली. जेवणं उरकायच्या आत. पैठणी दिली मला. तुम्हीच म्हणालात, भारी आहे. कपाटात पडलीय, नेसवत नाही मला ती. पण निदान त्यांनी मला जिवंत तरी ठेवलं कागदावर.

केसरीनाथ : तू पण?

करिष्मा : मी काय वेगळं बोलतेय? आत्या, जेवून जा. सुकटीचं कालवण आहे आणि तांदळाची भाकरी.

काशी : जेवते की. माहेरी आलेय.

(दुसऱ्या दिवशी सकाळी. भिवंडीत नोंदणी कार्यालयाबाहेर, छपराखाली विपुलचं टेबल.)

विपुल : साडेदहा होत आले, आजी. अकराला मला आत जायचंय. डॉक्टरांचा दाखला आणलात ना, शुद्धीवर असल्याचा?

काशी : आणलाय. माझ्या शुद्धीचा दाखला डॉक्टरनं दिला, माझ्या जिवंतपणाचा तेवढा राहिलाय. येईल तो.

विपुल : आणि नाही आले तर? हरकत आपण टाकू, पण कार्डावर काशी आहे. तलाठी विचारणार, ह्या काशीचा हौसाच्या जमिनीशी संबंध काय? मग तारखा पडत राहणार. तुमच्या तब्येतीला ते झेपणार नाही, स्पष्टच सांगतो.

काशी : रिक्षातनं उतरतोय तो कोण हाय बघ. पांढरी टोपी.

विपुल : या काका. बसा इथं. उन्हात नका उभे राहू.

केसरीनाथ : मला आधी वाचून दाखव. सगळं. चष्मा आणलाय, पण तू वाच.

विपुल : पहिला कागद अर्ज मागे घेण्याचा. मजकूर असा, माझी सख्खी बहीण हौसा लडकू ही मयत झाल्याबाबत मी दिलेला अर्ज व प्रतिज्ञापत्र खोटे आहे, माझी बहीण हयात आहे.

केसरीनाथ : खोटे म्हणूनच लिहायला पाहिजे? चुकीनं दिला असं न्हाय चालत?

विपुल : आजी, काय लिहू?

काशी : चुकीनं लिही बाबा. चूकच ती. पुढं वाच.

विपुल : दुसरा, हौसा लडकू आणि काशी ही नावे एकाच व्यक्तीची असल्याबाबत. यात ओळखीची खूण लिहावी लागते. अंगावर काही आहे का, जन्माची किंवा जखमेची?

काशी : मी कुठं बघत बसले माझ्या अंगाकडं या वयात.

केसरीनाथ : डाव्या पायाच्या नडगीवर वण हाय. विळ्याचा, चार बोटं लांब. लिही. गवत कापताना लागला. ती सात वर्षांची व्हती.

विपुल : तुम्हाला नक्की आठवतंय?

केसरीनाथ : विळा माझ्या हातात व्हता. बाबांना तिनं सांगितलं न्हाय. पडले म्हणाली.

काशी : विसरले व्हते मी.

केसरीनाथ : मी न्हाय विसरलो. पुढचं वाच. मृत्युपत्र.

विपुल : ते तुम्हाला वाचून दाखवायची गरज नाही काका, तो आजींचा खाजगी...

काशी : वाच. ऐकू दे त्याला.

विपुल : मी, हौसा लडकू ऊर्फ काशी, राहणार पडघा, पूर्ण शुद्धीत व कुणाच्याही दबावाशिवाय लिहून ठेवते की, मौजे कोन येथील माझी अकरा गुंठे जमीन, तिचे उत्पन्न व भाडे, माझ्या पश्चात माझी मुलगी माधवी हिला मिळावे. माझ्या मुलांना त्यांच्या वडिलांकडून पुरेसे मिळाले असल्याने त्यांचा यावर हक्क राहणार नाही. इथपर्यंत झालंय. पुढं एक ओळ कोरी ठेवलीय. आजी, माधवीताईंच्या पश्चात कुणाला? त्यांना मूलबाळ नाही, म्हणून विचारतो.

केसरीनाथ : तेच मला बोलायचं व्हतं. हौसा, मी आलोय ना? खोटं पण कबूल केलं, चारचौघांत. आता माझं एक ऐक. माधवी हाय तोवर तिनं खावं, माझी ना न्हाय. भाडं दर महिन्याला मी स्वतः पोचतं करीन. पण तिच्यामागं जमीन कोनच्या घरात परत यावी. प्रितेश-मितेश, माझ्या दोन्ही पोरांच्या नावावर. तेवढं लिही, मी दोन्ही कागदांवर सही करतो. बाबांची जमीन बाबांच्या घरात राहील. ह्यात तुझं काय जातं?

विपुल : असं लिहिता येतं, आजी. बरेच जण लिहितात.

काशी : ये दादा, इथं सावलीत सरक. माझ्याकडं बघ. एकाहत्तर साली माझं नाव लावलंस तवा लिहिलं व्हतंस का, हौसाच्या मागं परत द्यावं म्हणून?

केसरीनाथ : तवा कुणाच्या डोक्यात व्हतं?

काशी : नुसतं दिलंस. म्हणून तर तो वाटा मला माझा वाटला. मी सोळा वर्षं बापाच्या घरात राहिले, मंग नवऱ्याच्या, आता पोरांच्या. कुणी वाईट वागवलं न्हाय. पण खिळा ठोकायचा तर विचारायला लागायचं. माधवीला मी उसनं देणार न्हाय. तिनं त्या जमिनीवर घर बांधावं, विकावी, कुणाला दान द्यावी, न्हायतर तुझ्या प्रितेशलाच द्यावी, त्यानं तिला दोन गोड शब्द दिले तर. पण ते तिनं ठरवायचं. कुणीतरी टपून बसलंय, ही मेली की घ्यायची, असं तिच्या उशाशी ठेवून मी मरणार न्हाय.

केसरीनाथ : आन् मी सही न्हाय केली तर? मंगळवारी ऑपरेशन हाय तुझं.

काशी : हाय. तरी पण न्हाय.

विपुल : काका, आजींना दम लागतोय. पाणी मागवू का?

काशी : नको पाणी. तू लिही रे. कोरी ओळ हाय ना? लिही, माधवीच्या पश्चात काय करायचं ते माधवी ठरवील.

विपुल : लिहिलं. आता काका...

केसरीनाथ : ऐकलं मी. सही कुठं करायची, दाखव.